रेल्वे प्रतिकृती-मांडणी : देखावा व वास्तुरचना

लोहमार्ग, इंजिने व डबे यांच्या ठराविक प्रमाणात केलेल्या चालत्या प्रतिकृतींभोवती जमीन, डोंगर, पाणी, झाडी, रस्ते, पूल, स्थानके, कारखाने, घरे आणि माणसे यांची त्याच प्रमाणात केलेली रचना. रूळ, गाड्या आणि विद्युत् जोडणी हा मांडणीचा यांत्रिक भाग होय, तर देखावा व वास्तू हा तिचा भौगोलिक व सामाजिक भाग होय. पहिल्या भागामुळे गाडी धावते; ती कोठे, कशासाठी आणि कोणासाठी धावते, हे दुसऱ्या भागावरून कळते.

प्रत्यक्षात कोणताही लोहमार्ग कारणावाचून वळत, चढत वा थांबत नाही. नदी आडवी आली म्हणून पूल होतो, जमीन सखल आहे म्हणून भराव घातला जातो, कारखान्याला कच्चा माल लागतो म्हणून बगलमार्ग काढला जातो आणि कामगारांना कामाच्या जागेजवळ राहावे लागते म्हणून चाळी उभ्या राहतात. ही कारणपरंपरा पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी करणे हे देखाव्याचे मुख्य कार्य असते. केवळ शोभेसाठी बसविलेला बोगदा किंवा रिकामी जागा भरण्यासाठी ठेवलेले घर यांनी मांडणी सजते. पण ती विश्वसनीय होत नाही. या नोंदीत मुंबईतील दादर–हिंदमाता–परळ–लालबाग हा पट्टा मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे. दोन लोहमार्ग, त्यांचे कारखाने, कापडगिरण्या, चाळी, बाजार आणि सखल जमीन ही सर्व तेथे थोड्या जागेत एकत्र येतात. शिवाय त्या पट्ट्यातील जुन्या देखाव्याचा बराच भाग आज प्रत्यक्षात उरलेला नाही.

इतिहास : खेळण्यांतील गाड्यांना निश्चित मापे देण्याचे श्रेय जर्मनीतील मेर्कलीन या कारखान्याकडे जाते. त्याने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत प्रमाणित रुळांवर धावणाऱ्या गाड्या मांडल्या. इंग्लंडमध्ये १९२० पासून हॉर्नबी गाड्या प्रचारात आल्या. या काळातील स्थानके व घरे रंगीत पत्र्याची असत; गाडीच्या मानाने त्यांचे आकारमान योग्य असावे, असा आग्रह नव्हता. इंग्लंडमधील जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ या मांडणीत गाव, बंदर, रस्ते व दरी यांना गाड्यांइतकेच महत्त्व दिले आणि देखावा हा या छंदाचा स्वतंत्र विषय बनला. रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये ऑक्सफर्डशर परगण्यात पेंडन संग्रहालय स्थापन केले. नष्ट होत चाललेली शाकारलेली घरे व खेडी मोजून त्यांच्या अचूक प्रतिकृती करणे हा त्यामागील हेतू होता. अमेरिकेतील जॉन ॲलन यांची डोंगरदऱ्यांची विख्यात मांडणी त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, जानेवारी १९७३ मध्ये, आगीत नष्ट झाली. ती आता छायाचित्रांतूनच पाहावयास मिळते. हँबर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेले ‘मिनिआटुर वुंडरलांट’ हे अशा मांडण्यांचे अतिभव्य प्रदर्शन होय.

भारतात नवी दिल्ली येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघु-रेल्वे संग्रहालय हे या कलेचे प्रमुख उदाहरण होय. भाऊ जोशी यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमांतून उभारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. निरनिराळ्या प्रकारच्या गाड्यांबरोबर रस्ते, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, कुंपणे, सिग्नल, सर्कस, जलतरण तलाव इत्यादींनी युक्त असे एक पूर्ण नगर तेथे दाखविले आहे.

महाराष्ट्रात या कलेला पूरक अशा दोन परंपरा पूर्वीपासून आहेत. दिवाळीत मुले अंगणात वा चाळीच्या आवारात दगड, विटा, गोणपाट व माती यांचा किल्ला रचतात आणि त्यावर अळीव वा मोहरी पेरून हिरवळ उगवतात. उतार, तटबंदी, पायवाट व वस्ती यांचा परस्परसंबंध मुलांना त्यातून सहज कळतो. दुसरी परंपरा सार्वजनिक गणेशोत्सवातील देखाव्यांची. चिंचपोकळी (१९२०), लालबागमधील गणेश गल्ली (१९२८) व लालबागचा राजा (१९३४) या जुन्या मंडळांच्या परिसरात सुतारकाम, साचेकाम, लगद्याचे काम व रंगकाम करणाऱ्या कारागिरांची मोठी वस्ती आहे. गणेश गल्लीतील मंदिरांच्या भव्य प्रतिकृती प्रसिद्ध आहेत. उत्सवी देखावा काही दिवसांपुरता असतो व दुरून पाहावयाचा असतो. रेल्वे-मांडणी मात्र अनेक वर्षे टिकावी लागते आणि हातभर अंतरावरून न्याहाळली जाते. साहित्य व कौशल्ये बव्हंशी समान असली, तरी दोहोंच्या कसोट्या भिन्न आहेत.

प्रमाण व मापे : मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या लांबींचे गुणोत्तर म्हणजे प्रमाण. सर्वाधिक प्रचार १ : ८७ या ‘एचओ’ प्रमाणाचा आहे. त्याशिवाय ब्रिटनमध्ये १ : ७६ हे ‘ओओ’, तर कमी जागेसाठी १ : १६० हे ‘एन’ प्रमाण वापरतात. एचओ प्रमाणात रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. हे अंतर १,४३५ मिमी. या यूरोप-अमेरिकेतील मापाशी जुळते. भारतातील रुंदमापी मार्गाचे अंतर १,६७६ मिमी. असल्याने त्याची खरी प्रतिकृती सु. १९·२ मिमी. रुंदीची व्हावयास हवी. तयार रूळ वापरल्यास मार्ग पावणेतीन मिमी.ने अरुंद होतो व भारतीय गाडीचा भारदस्तपणा उणावतो. काटेकोर काम करणारे यासाठी रूळ स्वतः बसवितात. इतर जण ही उणीव मान्य करून डबे, स्थानके व सिग्नल यांतून भारतीयत्व साधतात. याउलट ७६२ मिमी. रुंदीच्या बार्शी लाइट रेल्वेची (१८९७) प्रतिकृती याच प्रमाणात सु. ८·८ मिमी. रुंदीची होते आणि बाजारात मिळणाऱ्या ९ मिमी. रुळांवर ती जवळजवळ अचूक बसते.

प्रमाण एकदा ठरल्यावर ते सर्वत्र पाळावे लागते. १ : ८७ या प्रमाणात १·६५ मी. उंचीचा माणूस १९ मिमी., दोन मीटरांचा दरवाजा २३ मिमी., तर १२ मी. उंचीचे झाड सु. १४ सेंमी. होते. रुळांखालील खडीचा ५० मिमी.चा दगड अर्ध्या मिमी.हून किंचित मोठा, म्हणजे रव्याच्या कणाएवढा होतो. नवशिक्यांच्या मांडणीत झाडे फार लहान व खडी फार मोठी असते आणि त्यामुळे देखावा खेळण्यासारखा दिसतो.

संक्षेप : कोणतेही स्थळ जसेच्या तसे प्रतिकृतीत आणणे बहुधा अशक्य असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दादरपर्यंतचे सु. ९ किमी. अंतर १ : ८७ या प्रमाणातही १०३ मी. भरते. बारा डब्यांच्या उपनगरी गाडीची लांबी सु. २५० मी. असते, तिच्या प्रतिकृतीला जवळजवळ तीन मीटर लांबीचा फलाट लागतो. म्हणून अंतरे कमी करणे, सारख्या इमारतींची संख्या घटविणे व गौण गोष्टी वगळणे भाग पडते. यालाच संक्षेप म्हणतात. गाडी आठ किंवा सहा डब्यांची करता येते, दहा चाळींच्या जागी तीन दाखविता येतात. परंतु एका चाळीची उंची किंवा एका दरवाजाची रुंदी कमी करता येत नाही. संख्या घटविता येते, माप घटविता येत नाही, असा याचा सामान्य नियम सांगता येईल.

काय वगळावे याचा निर्णय स्थळाच्या स्वरूपावरून घेतात. हिंदमाता परिसराचा पश्चिमेकडून पूर्वेकडे छेद घेतला, तर प्रथम पश्चिम रेल्वेचे व त्यालगत मध्य रेल्वेचे मार्ग, मग गिरण्या व चाळी आणि त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, असा क्रम लागतो. या रस्त्यावरील चौकाला हिंदमाता चित्रपटगृहामुळे हे नाव पडले. पुढे ते कापडबाजारासाठी प्रसिद्ध झाले. रूळ, गिरणी, चाळ, रस्ता व बाजार हा क्रम हाच या स्थळाचा गाभा होय. त्यांपैकी एकही घटक गाळला, तर उरलेले चित्र कोणत्याही शहराचे होऊ शकेल.

काळाची निवड : स्थळाइतकेच वर्षही निश्चित करावे लागते, कारण देखाव्यातील प्रत्येक वस्तू त्या वर्षाची साक्षीदार असते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम १९०७ मध्ये आली आणि बोरीबंदरहून दादरला गेलेल्या शेवटच्या ट्रामबरोबर ३१ मार्च १९६४ रोजी ती संपली. विजेची उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम हार्बर मार्गावर सुरू झाली. तीपूर्वीच्या मांडणीत मार्गावर विद्युत् तारा व त्यांचे खांब दाखविता येणार नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे व बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही नावे १९५१ मध्ये मध्य व पश्चिम रेल्वेच्या रचनेबरोबर गेली. गिरणी कामगारांचा डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, त्यात सु. अडीच लाख कामगार सहभागी होते. त्यानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंड होत गेली. लालबागचा उड्डाणपूल २०११ मधील आहे, तर एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी हे नाव २०१८ मधील आहे. त्या स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्यदलाच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये तेथे नवा पादचारी पूल बांधला. लगतचा जुना वाहनपूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद करण्यात आला.

यावरून १९६० च्या सुमाराच्या मांडणीत ट्राम, धुराडी व विद्युत् तारा एकत्र शोभतील. मात्र उड्डाणपूल विसंगत ठरेल. वर्षाबरोबर दिवसाची वेळही ठरविणे इष्ट असते. पाळी बदलण्याच्या वेळी गिरणीच्या फाटकापाशी दिसणारी गर्दी आणि भर दुपारचा ओस रस्ता यांतून एकच स्थळ दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

आधारचौकट व भूरूप : सपाट फळीवर मांडलेल्या देखाव्यात जमीन रुळांच्या पातळीवरच राहते किंवा तिच्या वर चढते, रुळांच्या खाली जाणारी जमीन दाखविता येत नाही. म्हणून लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करून तिच्यावर ठोकळ्यांच्या आधाराने फक्त मार्गापुरत्या फळ्या बसवितात. मधल्या मोकळ्या जागेत नाला, दरी वा सखल वस्ती रचता येते. मुंबईची भूमी मूळच्या बेटांमधील खाजणे भरून तयार झाली आहे. हिंदमाता चौक भोवतालच्या भागापेक्षा खोलगट असून अतिवृष्टीत तेथे पाणी साचते. या पाण्यासाठी अलीकडच्या वर्षांत प्रमोद महाजन उद्यान व सेंट झेवियर मैदान येथे भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. प्रतिकृतीत चौकाची जमीन लगतच्या रस्त्यांपेक्षा एक-दीड सेंमी. खाली घेतली, तरी हा बशीसारखा उतार डोळ्यांना जाणवतो. सपाट फळीवर मात्र हे वैशिष्ट्य हरवते.

उंचसखलपणासाठी चढाचे गणित आधी करावे लागते. बोरघाट व थळघाट येथे खऱ्या लोहमार्गाला ३७ त १ एवढा तीव्र चढ आहे. एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी प्रतिकृतीत सु. साडेसात सेंमी. उंची लागते, घाटाच्या चढाने ती गाठावयास पावणेतीन मीटरांहून अधिक लांबी खर्ची पडते. दादर–परळ भागात रूळ जवळजवळ सपाटीवर असून रस्तेच पुलांवरून त्यांना ओलांडतात. त्यामुळे कमी जागेसाठी हे स्थळ घाटापेक्षा सोयीचे आहे.

टेकड्या व उतार करण्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून तिच्यावर प्लॅस्टरच्या पातळ लगद्यात भिजविलेल्या कापडाचे वा कागदाचे तुकडे पसरतात. वाळल्यावर हलके व टणक कवच तयार होते. प्लॅस्टरऐवजी कागदाचा लगदा व डिंक वापरल्यास वजन आणखी घटते. थर्माकोलचा वापर एके काळी सर्रास होत असे. सजावटीसाठी त्याच्या वापरावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असल्याने लगदा, पुठ्ठा, बांबूच्या कामट्या व गोणपाट यांचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. सह्याद्रीचा कातळ दाखविताना परदेशी साचे उपयोगी पडत नाहीत. येथील बेसाल्टचे थर आडवे व पायऱ्यांसारखे असून रंग करडा ते तपकिरी असतो आणि माथेरानसारख्या माथ्यांवर त्यावर तांबडा जांभा असतो. प्लॅस्टर अर्धवट ओले असताना आडवे थर कोरून हा परिणाम साधतात.

भूपृष्ठ व वनस्पती : जमिनीसाठी त्या त्या ठिकाणचीच माती वाळवून, बारीक चाळून वापरणे सर्वांत चांगले, तिचा रंग मुळातच खरा असतो. पृष्ठभागावर पातळ केलेला पांढरा गोंद लावून माती भुरभुरतात. खडीसाठी दगडाची कच चाळून एकसारखे कण निवडतात. बेसाल्टच्या भुकटीत चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. ते इंजिनाच्या चलित्रातील चुंबकाला चिकटून बिघाड करतात. म्हणून कच वापरण्यापूर्वी तिच्यावरून लोहचुंबक अनेकदा फिरवून असे कण काढून टाकणे आवश्यक असते. खडी कोरडी पसरून ब्रशाने नीट बसवितात, तिच्यावर पाण्याचा फवारा मारतात आणि मग द्रव साबणाचा थेंब घातलेला पातळ गोंद थेंबाथेंबाने सोडतात. साबणामुळे गोंद कणांवर न साचता आत झिरपतो.

झाडांसाठी तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा पिळून खोड व फांद्या करतात, त्यांवर लगद्याची साल चढवितात आणि रंगविलेला भुसा, स्पंजाचा चुरा किंवा घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचे तुकडे चिकटवितात. काथ्यापासून सुके गवत व माडाच्या झावळ्या होतात. झाडाची जात ओळखू यावी, हे महत्त्वाचे. रस्त्याकडेचा पिंपळ, आवारातला गुलमोहर व माड यांचे आकार भिन्न असतात. एकाच साच्यातील गोल हिरवे गोळे मुंबईचे वाटत नाहीत. अळीव-मोहरीची हिरवळ किल्ल्यावर शोभते. परंतु ओलावा व वाढ यांमुळे कायमच्या मांडणीत ती निरुपयोगी असते.

वास्तू : प्रतिकृतीतील इमारती तीन प्रकारे मिळवितात : तयार संच जोडून, संचांचे भाग कापून व नव्याने जुळवून, अथवा पुठ्ठा, लाकूड व प्लॅस्टिकचे पत्रे यांपासून प्रारंभापासून रचून. परदेशी संचांतील घरांची छपरे, धुराडी व खिडक्या येथील हवामानाशी जुळत नसल्याने भारतीय मांडणीला तिसराच मार्ग बहुधा पत्करावा लागतो.

प्रथम मूळ इमारतीची मापे घेतात. जेथे टेप लावता येत नाही, तेथे समोरून काढलेल्या छायाचित्रात ज्ञात मापाची वस्तू आधाराला घेतात. सु. दोन मीटरांचा दरवाजा किंवा सव्वादोन डेसिमीटरांची वीट यांवरून मजल्याची उंची काढता येते. रेल्वेच्या हद्दीत छायाचित्रण व मोजणी परवानगीशिवाय करू नये. पूल व रस्ते यांवरून पुरेशी माहिती मिळते. त्यानंतर चारही बाजूंचे आराखडे पुठ्ठ्यावर काढून खिडक्या-दरवाजे कापतात, आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात आणि मगच कोपरे जोडतात. आत दिवे लावावयाचे असल्यास भिंतींना आतून काळा रंग द्यावा लागतो. अन्यथा प्रकाश भिंतींतून झिरपून घर कंदिलासारखे दिसते.

चाळींचे प्रकार नीट ओळखणे आवश्यक असते. गिरगावातील जुन्या चाळींत बाहेरच्या बाजूने लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या असतात व खोल्यांचे दरवाजे त्यांत उघडतात. याउलट १९२० ते १९२५ च्या सुमारास सरकारच्या विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी व डिलाइल रोड येथे बांधलेल्या, ‘बीडीडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाळी सलोह काँक्रीटच्या, तळमजला व तीन मजल्यांच्या असून त्यांत मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या आहेत. त्यांच्या दर्शनी भागावर गॅलरी दाखविणे चुकीचे ठरते. अशा एका चाळीत सर्वसाधारणपणे ८० खोल्या असतात व प्रत्येक खोली सु. १६० चौ. फुटांची असते. एचओ प्रमाणात चाळीची उंची सु. १५ सेंमी. होते, तीमधील एका खोलीचे क्षेत्रफळ २० चौ. सेंमी., म्हणजे आगपेटीपेक्षा थोडेसे अधिक भरते. एका पूर्ण कुटुंबाचे, कधी त्याबरोबर गावाहून आलेल्या गाळेकऱ्यांचेही बिऱ्हाड एवढ्या जागेत सामावत असे, ही गोष्ट वर्णनापेक्षा प्रतिकृतीत अधिक स्पष्टपणे प्रतीत होते.

गिरणीच्या इमारतीत करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असलेले माग-विभाग, बहुमजली सूतकताईची इमारत, पाण्याची टाकी, फाटक व धुराडे हे घटक आवश्यक असतात. छपराच्या दात्यांच्या उभ्या बाजू काचेच्या असून त्यांतून थेट ऊन न येता प्रकाश येतो. म्हणून त्या उत्तरेकडे वळविलेल्या असतात. प्रतिकृतीत दिशा ठरविताना हे विसरता कामा नये. ५० मी. उंच धुराड्याची प्रतिकृती ५७ सेंमी. होते. ती मांडणीतील सर्वांत उंच वस्तू असल्याने मागच्या बाजूस ठेवणे सोयीचे पडते. मागच्या गिरणीची फक्त दर्शनी भिंत करून ती पार्श्वपटाला चिकटविली, तरी पुरते.

पार्श्वपट : मांडणीच्या मागे लावलेला चित्रित पडदा खोलीचा आभास निर्माण करतो. मराठी रंगभूमीवरील रंगविलेल्या पडद्यांचे तंत्रच येथे उपयोगी पडते. मात्र रंग फिके व रेषा मंद ठेवाव्या लागतात, कारण अंतराबरोबर वस्तू धूसर व निळसर दिसतात. दूरच्या इमारती क्रमाने लहान प्रमाणात करूनही अंतर वाढल्यासारखे वाटते. जमीन व पडदा यांचा सांधा पूल, भिंत किंवा झाडांची रांग यांनी झाकतात. आकाश गडद निळे असू नये. मुंबईचे आकाश वर्षातील बहुतेक दिवस पांढुरके असते.

पाणी : तलाव वा नाला करताना तळ आधी गडद रंगवून त्यावर चकचकीत व्हार्निशचे किंवा पारदर्शक राळेचे पातळ थर एकावर एक देतात, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा देतात. साचलेले पावसाचे पाणी मातकट असल्याने त्यात किंचित गढूळ रंग मिसळावा लागतो. पाण्याची खोली पाण्यातील वस्तूंवरून समजते. अर्धी बुडालेली मोटारीची चाके, दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत आलेली पातळी आणि भिंतीवर राहिलेली आधीच्या पुराची रेघ एवढ्या खुणा हिंदमाता चौकातील जुलै महिना दाखवावयास पुरेशा आहेत.

रंग व जीर्णता : नवा कोरा रंग प्रतिकृतीचे खोटेपण उघडे करतो. स्लीपर, खडी व रुळांलगतच्या भिंतींचा खालचा भाग ब्रेकच्या लोखंडी धुळीने तपकिरी झालेला असतो. काव, गेरू व काजळी यांची कोरडी पूड मऊ ब्रशाने लावून हा परिणाम मिळतो. पश्चिमेकडील भिंती ऊन व पाऊस यांमुळे अधिक विटतात, पन्हाळीखाली काळे-हिरवे ओघळ उतरतात, पत्र्यांच्या खिळ्यांभोवती गंज पसरतो. प्रत्येक डागाला पाणी, धूर, धूळ वा स्पर्श असे काहीतरी कारण असले पाहिजे. सर्वत्र सारखा फासलेला मळ नव्या रंगाइतकाच खोटा दिसतो.

जतन : कोकणपट्टीच्या दमट हवेत मांडणी टिकविणे हे स्वतंत्र काम आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, पुठ्ठा वाकतो आणि पोलादी रूळ गंजतात. म्हणून जलरोधक प्लायवुड वापरावे, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना लाखेचा किंवा रंगाचा थर द्यावा आणि निकेल-रौप्य मिश्रधातूचे रूळ घ्यावेत. रुळांच्या सांध्यांत थोडी फट ठेवल्यास उन्हाळ्यातील प्रसरणाने मार्ग वाकत नाही. पिठाच्या खळीला झुरळे व कसर लागते. पुस्तकबांधणी करणारे खळीत थोडा मोरचूद मिसळतात. तो विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. काम नसताना मांडणी स्वच्छ कापडाने झाकून ठेवावी. मोठी मांडणी उचलता येण्याजोग्या भागांत विभागलेली असणे हितावह असते. घर बदलताना अखंड मांडण्या मोडून टाकाव्या लागतात.

अभिलेख म्हणून मूल्य : इमारतींचे नकाशे सरकारी कचेऱ्यांत आणि छायाचित्रे संग्रहांत राहतात, परंतु गिरणीच्या फाटकापासून चाळीच्या जिन्यापर्यंत किती पावले होती, फलाटावरून धुराडे कसे दिसे, रस्ता व रूळ यांच्या पातळ्यांत किती फरक होता, हे त्यांवरून एकत्रितपणे कळत नाही. मापाबरहुकूम केलेली मांडणी हे सर्व संबंध एका दृष्टिक्षेपात दाखविते. फिनिक्स मिलच्या जागी व्यापारी संकुल झाले असून केवळ धुराडे त्या काळाची खूण म्हणून उभे आहे. दादर येथील इंदू मिलची जागा डॉ. आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली आणि वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या घरांचा ताबा २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाला. हे बदल रहिवाशांच्या दृष्टीने आवश्यक वा स्वागतार्हही असू शकतात. त्यामुळे जुन्या रचनेची नोंद करण्याची गरज मात्र कमी होत नाही.

अशी नोंद करताना जुन्या काळाचे गोंडस रूप उभे करण्याचा मोह टाळावा लागतो. सार्वजनिक शौचकूपे, पाण्याच्या नळापुढील रांग, उघडी गटारे, संपाच्या दिवसांतील बंद फाटके हीदेखील त्या देखाव्याची अंगे होत. त्या परिसरात राहिलेल्या वयस्क कामगारांना व गृहिणींना मांडणी अपुरी असतानाच दाखविल्यास त्यांच्या आठवणींतून खाणावळीची जागा, पाणपोई, व्यायामशाळा किंवा गिरणीच्या भोंग्याची दिशा यांसारखे तपशील मिळतात आणि रंग सुकण्यापूर्वीच चुका दुरुस्त होतात. छंद म्हणून हाती घेतलेली मांडणी अशा रीतीने स्थानिक इतिहासाचे साधन बनते. शाळा, ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये यांना अल्प खर्चात आणि अनेकांच्या सहभागाने हाती घेता येईल, असे हे काम आहे.